खाडीकडची बाजू

गाडी आतून सोललेली उभी आहे, तुर्भ्याच्या शेडमध्ये.
सीटा नाहीत, दारांना अस्तर नाही,
डॅशबोर्डच्या जागी वायरींचा झुबका
आणि मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा, मीच कापलेला.
दाराच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलंय:
डावं दार. ही बाजू बाहेर.

मला स्टेनलेस हवं होतं.
फडकं मारलं की झालं, असं काहीतरी.
हरेश्वरनाना म्हणाले, भांड्यात बसाचंय का गाडीन?
आणि एक पट्टी माझ्यासमोर नव्वदाला वाकवली.
सोडताच ती ब्याऐंशीवर जाऊन थांबली,
तोंडाने हो म्हणून
आपलंच खरं करणाऱ्या माणसासारखी.

मग कळंबोली. लोखंड बाजार.
ट्रेलरांच्या सावलीतून चालत गेलो, दुपारी अडीचला.
नाना बोटाच्या पेराने एकेक पत्रा वाजवत पुढे,
कलिंगडवाल्याच्या पाटीपाशी थांबावं तसे.
अठरा गेज विचारून बोलतो.
वीस गेज, विचारलं की लगेच.
बावीस गेजला विचारावंही लागत नाही.
"यो दारान लावशील, तं साठच्या पुढं ताशा वाजंल."

गॅल्व्हनाइज्ड स्वस्त पडेल, मी म्हटलं.
नानांनी इम्तियाजकडे पाहिलं. इम्तियाजने जमिनीकडे.
जस्त जळतं तेव्हा पांढरा धूर निघतो,
रात्री त्याला हुडहुडी भरते, दोन रजया पुरत नाहीत.
घरचे दूध पाजतात.
दुधाने काही होत नाही, पण तो पितो.

मी ऐरोलीत एक्स-रे काढते.
दिवसभर शिशाच्या पत्र्यामागे उभी राहून
अनोळखी माणसांना सांगते, श्वास धरा.
पत्रा किती जाड हवा, हे मला कोणी शिकवायला नको
असं वाटायचं.

नानांनी पाच तुकडे शेडच्या छपरावर ठेवले,
खडूने नंबर घालून, खाडीकडे तोंड करून.
दोन महिने. घाई असंल तं दुसरा मिस्त्री बघ.
"माजा बापूस मिठागरान राबला.
आमचे दाराला दर दिवाळीला नवा कुलूप.
जुना किल्लीसकट गंजाचा."
एवढंच बोलले. मग ग्राइंडर सुरू केला.

जानेवारीत तुकडे खाली आले.
एक नंबर, साधं सीआरसी: बोटाला हळदीसारखी पूड.
तीन नंबरचं अ‍ॅल्युमिनियम स्वच्छ होतं,
पण लोखंडी स्क्रूभोवती पांढरं पीठ धरलेलं,
आतून फुगलेलं, नखाने निघणारं.
मी म्हटलं, म्हणजे हेही बाद?
"पत्रा चांगलाच हाय," नाना म्हणाले,
"शेजार वाईट भेटला."

तर असं ठरलं:
खाली पाय टेकतात तिथे अठरा गेजचं सीआरसी,
दोन हात प्रायमर, कडा आत दुमडलेल्या,
कोणाच्या साडीला, कोणाच्या घोट्याला लागू नयेत म्हणून.
दारांना अ‍ॅल्युमिनियम, मऊ जातीचं, वाकताना न तडकणारं,
मधोमध दोन उभार, म्हणजे थरथरणार नाही.
आणि जिथे जिथे ते लोखंडाला भेटेल
तिथे मध्ये एक नायलॉनची चकती,
पन्नास पैशांची.
मी तशा चारशे घेतल्या. नाना हसले, मग हसायचे थांबले,
म्हणाले, ऱ्हाऊदे, लागतील.

काल डावं दार बसलं.
मी पेराने वाजवून पाहिलं, कान लावून.
आवाज आला, थोडा उशिराने,
जसा माणूस आतल्या खोलीतून ओ देतो.
इम्तियाजने बाहेरून वाजवलं. मी आतून.
नाना म्हणाले, खेल झाला असंल तं पुसून घ्या.

डॅशबोर्डचं ठरलेलं नाही.
चमकलं तर उन्हात काचेवर त्याचीच सावली पडते,
घासून मंद केलं तर बोटांचे ठसे राहतात.
तोवर पुठ्ठा.
खाडीच्या हवेने कोपऱ्यांत मऊ पडलाय,
पण त्यावरचं मिक्सरचं चित्र अजून शाबूत,
आणि त्याखाली, ठळक लाल अक्षरांत,
मोटरवर पाच वर्षांची वॉरंटी.